म्बाह विर्योंनी निवडलेला अजगर

‘म्बाह’ म्हणजे आजोबा. विर्योंना लोक म्बाह म्हणायला लागले तेव्हा त्यांचं वय चाळीससुद्धा नव्हतं, केस काळेभोर होते आणि मुलगी शाळेत जात होती. पण होला पारखणारा माणूस, त्याला काय चारचौघांसारखं नुसतं ‘पाक विर्यो’, म्हणजे विर्योराव, म्हणणार? आमच्या जावात होला म्हणजे साधं पाखरू नव्हे. घोडे गेले, घराघरातल्या कट्यारी विकून झाल्या, पण अंगणातल्या उंच बांबूवर होल्याचा पिंजरा चढवल्याशिवाय अजूनही कित्येक म्हाताऱ्यांची सकाळ होत नाही. आणि तो होला कसलाही आणून चालत नाही. त्याच्या अंगावरच्या खुणा बघाव्या लागतात.

म्बाह विर्यो त्या बघायचे. पक्षी मुठीत धरायचा, शेपटीतली पिसं एकेक करून मोजायची, पायांचा रंग, नखांचा रंग, डोळ्याभोवतीची कड तपासायची, आणि मग पक्षी मालकाच्या हातात ठेवून एका वाक्यात निकाल द्यायचा. "ठेव, दुकानाला बरा आहे." "सोडून दे, घरात भांडणं लावील." हे सगळं त्यांना वडिलांनी शिकवलं होतं, आणि खुणांच्या जोडीला आणखी एक गोष्ट शिकवली होती. पारखणाऱ्यानं ‘मला माहीत नाही’ असं कधी म्हणायचं नाही. "एकदा म्हणालास," वडील सांगायचे, "की दुसऱ्या दिवसापासून तू नुसता पाखरं पाळणारा."

साठीपर्यंत म्बाहंनी ते शब्द तोंडातून काढले नाहीत. त्यांच्या बायकोला, पारिनेमला, याचं फार हसू यायचं. "पाखराच्या शेपटीत नशीब दिसतं यांना," ती शेजारणींना ऐकवायची, "आणि कपाळावर चढवलेला चष्मा घरभर शोधत फिरतात."

घरामागे वडिलांनी बांधलेला सागवानी खांबांचा मोठा पिंजरा होता, माणूस आत ताठ उभा राहील एवढा उंच, चारी बाजूंनी जाळी ठोकलेला. त्यात वडिलांच्या वेळेपासून एकाच वाणाचे होले वाढत आले होते. सध्या पाच जोड्या होत्या. त्यांतला एक नर पंधरा पिसांच्या शेपटीचा. असा हजारात एखादा निघतो. त्याला मागायला मोटारी आल्या होत्या आणि रिकाम्या परत गेल्या होत्या. रेल्वेच्या फाटकावर तीस वर्षं नोकरी केली ती पोटासाठी. नाव मिळालं ते या पिंजऱ्यामुळे.

आमचा पक्षीबाजार दर पाचव्या दिवशी भरतो, जुन्या पंचांगातल्या पाच वारांपैकी पोनच्या वारी. तिथे म्बाहंचं बाकडं ठरलेलं. पण हळूहळू बाजारच बदलला. होल्यांचे गाळे एकेक करून बंद पडले आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे डबे आले, झाकणाला भोकं पाडलेले आणि आत अजगराची पिल्लं. शहरातली मंडळी मोटारसायकलवरून यायची, गळ्यात अजगर घालून फोटो काढायची आणि एखादं पिल्लू घेऊन जायची. म्बाहंच्या बाकड्यासमोर गितोचा गाळा. गितोचा बाप होले विकायचा, गितो अजगर विकायला लागला. माणूस बडबड्या, पण लबाड नव्हे.

"म्बाह, एखाद्या पोनला माझ्या लेकरांच्याही खुणा बघा की," तो चहा पिता पिता डिवचायचा. "चार गिऱ्हाइकं वाढतील."

"साप आहे तो. त्याला पिसं आहेत का?"

"खवले आहेत. बसा मोजत. तुम्हाला तरी दुसरं काय काम उरलंय?"

म्बाह चहावर फुंकर घालायचे. पण ते लागायचं. महिन्याकाठी दोन माणसं होला दाखवायला आली तरी डोक्यावरून पाणी, अशी वेळ आली होती.

अशाच एका पोनला लास्मिनी आली. ही फाटकाजवळच्या गल्लीत राहायची आणि तेंपे करून विकायची. भिजवून, सोलून, आंबवलेल्या सोयाबीनच्या त्या वड्यांवर आमची अर्धी जेवणं होतात, आणि लास्मिनीच्या वड्या सकाळी नऊच्या आत संपायच्या. घरात सोयाबीनची पोती, म्हणून उंदीर. विष घालावं तर खाण्याचा धंदा. मांजर आणलं, तर ते भिजवलेल्या दाण्यांच्या टोपलीवर जाऊन झोपायचं आणि केस तेंप्यात निघायचे. कुणीतरी तिला म्हणालं, अजगर पाळ.

"कुठला पाळू, गितोभाऊ?" तिने विचारलं. "मला यातलं काही कळत नाही. माणसाला चावला नाही म्हणजे झालं."

गितोने तीन डबे उघडले. "हा खुळा अजगर. इतका गरीब की नावच तसं पडलंय. पण याला सरकारी कागद लागतात, आणि कागद हातात पडेपर्यंत उंदीर तुझं घर विकून खातील. हा दुसरा चेंडू अजगर, परदेशी वाण. भ्याला की चेंडूसारखा गोळा होऊन बसतो. म्हातारा झाला तरी दीड मीटरच्या पुढे जात नाही. महाग आहे, आणि लहरी आहे. मनात आलं तर महिना महिना तोंड उघडत नाही. आणि हा फुलांचा अजगर, अंगावर बघ कशी फुलांची जाळी आहे. आपल्याच बांबूच्या बनातला. स्वस्त, आणि खायला बसला की वाघ. पण बाई, आधीच सांगतो, हा वाढतो. वाढतो म्हणजे थांबत नाही. माझं ऐक, दोन महिने कळ काढ, पैसे जमव आणि चेंडू ने."

इतकं स्वच्छ सांगून झालं होतं. खरं म्हणजे इथेच सगळं मिटायचं. पण लास्मिनी वळली, समोरच्या बाकड्यापाशी आली, वडीलधाऱ्यांपुढे वाकतात तशी वाकली आणि हळूच म्हणाली, "म्बाह, तुम्हीच निवडा ना. तुम्हाला खुणा कळतात."

"उंदीर काय, कुठलाही खाईल," म्बाह म्हणाले.

"उंदरांचं नाही हो," ती म्हणाली. "गेलेल्या माणसाला घरी आणणारी खूण असते म्हणतात. होल्यांत असते. यांच्यात पण असेल का?"

तिचं दुखणं सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. नवरा सुकामतो मलेशियात ताडाच्या मळ्यावर कामाला गेला. दीड वर्ष फोन आले, पैसे आले, मग दोन्ही बंद झाले. कोणी म्हणायचं त्याने तिकडे दुसरा संसार मांडला, कोणी म्हणायचं परतीची होडी बुडाली. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

म्बाहंना अजगरातलं ओ की ठो कळत नव्हतं. ‘मला माहीत नाही’ अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं, असं ते नंतर सांगायचे. पण समोरून गितो बघत होता. आणि कितीतरी दिवसांनी कुणीतरी त्यांच्यापुढे इतक्या विश्वासाने वाकलं होतं. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि तिन्ही डब्यांत डोकावून पाहिलं. फुलांच्या अजगराच्या मानेवर दोन पिवळ्या रेघा दोन्हीकडून येऊन एकमेकींना मिळाल्या होत्या.

"हा ने," ते म्हणाले. "निघालेली वाट फिरून घरी येऊन मिळालीय, बघ. गेलेल्याला आणणारा आहे हा."

लास्मिनी डबा छातीशी धरून गेली. ती दिसेनाशी झाल्यावर गितोने आवाज खाली आणला. "म्बाह, अहो, तो चार-पाच मीटर होतो."

"मग? होला केवढा होणार, हे आजवर कुणी विचारलंय का मला?"

आणि ते खरंच होतं. त्यांच्या सगळ्या विद्येत जनावर केवढं होईल हा प्रश्नच नव्हता. होला होल्याएवढाच होतो.

पहिली दोन वर्षं लास्मिनीची चैन होती. सोयाबीनच्या खोलीत औषधालाही उंदीर सापडेना. रात्री अजगर खोलीत मोकळा, पहाटे टोपलीत. त्याला नाव मात्र तिने ठेवलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "ते आले की ठेवतील. त्यांच्यासाठी आणलाय, मी कसं नाव ठेवू?"

तिसऱ्या वर्षी उंदीर पुरेनात, कोंबड्या लागायला लागल्या. चौथ्या वर्षी ससे. टोपलीत मावेना तेव्हा तिने लग्नातलं लाकडी कपाट आडवं पाडून त्याची पेटी केली. तेंप्यावर मिळवलेलं सशांवर जायला लागलं. बहीण येऊन भांडली, "विकून टाक ते धूड!" लास्मिनीचं उत्तर एकच, "म्बाहंनी निवडलाय. तो घरातून गेला तर ते कसे येतील?"

म्बाहंच्या कानावर हे सगळं यायचं. तिच्या घरावरून जाताना ते सायकल जोरात मारायचे. तरी ती नेमकी दारात असायची. "म्बाह, तुमचा अजगर दारातून मावेनासा झालाय!" असं ओरडायची आणि हसायची. त्या दिवशी म्बाहंना जेवण जायचं नाही.

आणि गंमत बघा, त्या एका निवडीमुळे आणखी चार-सहा जण साप दाखवायला आले. म्बाहंनी कुणाला सांगितलं आज वार बरा नाही, कुणाला सांगितलं उन्हात खूण दिसत नाही, आणि सगळ्यांना वाटेला लावलं. माहीत नाही असं मात्र म्हणाले नाहीत.

सहाव्या वर्षी कपाटाची कडी निघाली. शेजारच्या घरातलं शेळीचं करडू नाहीसं झालं आणि दुसऱ्या दिवशी अजगर त्याच घराच्या माळ्यावर सापडला, पोट फुगवून स्वस्थ पडलेला. माळ्याखाली त्या घरातली तीन लहान मुलं झोपतात. मग काय, गल्ली पेटली. गितोला बोलावून अजगर परत कपाटात घातला गेला. गल्लीप्रमुख पाक दिर्जो, हा भला माणूस, त्यानेही हात टेकले आणि शहरातल्या कातडीच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गितो मोटारसायकल घेऊन म्बाहंच्या दारात आला. "चला. ती कपाटावर चढून बसलीय. म्हणते, आधी मला कापा. कातडीवाला पोतं घेऊन उभा आहे. ती तुमच्याशिवाय कुणाचं ऐकायची नाही."

"मी काय सांगू तिला?"

"सांगा खूण पुसली. वाढत्या अंगावर रेघा फाकतात, ते खोटंही नाही. तुमचं नाव राहील, तिची सुटका होईल."

पारिनेम दारातच उभी होती. "जा," ती म्हणाली. "आणि या खेपेला शेपटी मोजत बसू नका."

वाटभर म्बाह गितोचं वाक्य घोळवत होते. वाक्य चांगलं होतं. कुणालाही पटलं असतं.

लास्मिनीच्या घरात पंधरावीस माणसं दाटली होती. ती कपाटाच्या दारावर मांडी घालून बसली होती, केस विस्कटलेले, हात भिजलेल्या सोयाबीनने पांढरे. म्बाहंना बघून ती खाली वाकली नाही. तिने सरळ विचारलं, "खूण पुसली का, म्बाह? तेवढं सांगा. पुसली असेल तर ते गेले, एवढं मला कळतं. मग मी उतरते आणि पांढरं नेसते."

गितोने मान फिरवली. पुसली म्हणावं तर एका जिवंत असलेल्या किंवा नसलेल्या माणसाला म्बाह स्वतःच्या तोंडाने मारणार होते. आहे म्हणावं तर बाई पेटीवरून हलणार नव्हती.

"खूण नव्हतीच," ते म्हणाले.

"काय?"

"मला अजगरातलं काही कळत नाही, लास्मिनीबाई. तेव्हाही कळत नव्हतं. गितोचं खरं होतं, त्याचं ऐकायला हवं होतंस. मी उगीच बोललो. आणि सुकामतोचं काय झालं, ते मला माहीत नाही."

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. पाक दिर्जोने त्याला दटावलं.

लास्मिनीने विचारलं, "मग सहा वर्षं मी काय पोसलं?"

"माझी ऐट," म्बाह म्हणाले.

ती उतरली. रडली नाही की ओरडली नाही. पाणवठ्याकडे गेली आणि उरलेल्या सोयाबीनच्या साली काढायला बसली. माणसांनी तिला वाट करून दिली.

कातडीवाला टेप उलगडत पुढे झाला. "चार मीटर वीस तरी भरेल," तो म्हणाला.

"गुंडाळ तो टेप," म्बाह म्हणाले. "अजगर माझ्याकडे येतोय."

"तुमच्याकडे? कुठे ठेवणार?"

गितोच्या लक्षात आलं आणि तो एवढंच म्हणाला, "जाळी दुहेरी मारायला लागेल, म्बाह."

पाच जणांनी पोतं उचलून छोट्या टेम्पोत घातलं. टेम्पो पोचायच्या आधी म्बाह घरी येऊन एकटेच मागच्या पिंजऱ्यात शिरले आणि दार उघडं टाकलं. होले बाहेर जाईनात. पिढ्यान्पिढ्या आत वाढलेले, त्यांना बाहेर म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. लोकांना वाटून टाकायचे तर लोकांनी खुणा विचारल्या असत्या, आणि ते आता म्बाहंना सोसणार नव्हतं. त्यांनी एकेक धरून दाराबाहेर उडवला. शेवटी पंधरा पिसांचा नर हातात आला. सवयीने त्यांनी त्याची शेपटी मोजली. पंधराच होती. त्यालाही उडवलं. मग तिथेच, होल्यांच्या विष्ठेवर, ते मटकन बसले आणि लहान मुलासारखे रडले. पारिनेमने ते स्वयंपाकघरातून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली.

नंतरचं वडील म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या पोनपासून बाजारात त्यांना सगळे ‘पाक विर्यो’ म्हणायला लागले. नुसता पाखरं पाळणारा, आणि पाखरंही उरली नव्हती. आम्ही गितोसारखे दोन-चार जण सवयीने म्बाह म्हणतो तेवढंच. पारिनेम म्हणाली, "बरं झालं, मलाही आता कुणी आजी म्हणायचं नाही." दोन होले शेजाऱ्याच्या फणसावर राहिले, सकाळी घुमायचे. बाकीच्यांचं काय झालं कळलं नाही. अजगर जुन्या सागवानी खांबाला वेटोळं घालून पडून असायचा आणि महिन्याला दोन ससे खायचा. ससे म्बाह पेन्शनीतून आणायचे.

लास्मिनी आठ महिने त्यांच्याशी बोलली नाही. त्यांच्या घरी तिचा तेंपे येणंही बंद झालं.

मग एका पोनला ती गितोच्या गाळ्यावर उभी दिसली. उंदीर परत आले होते. गितो नेहमीप्रमाणे डबे उघडून सुरू झाला, पण तिने त्याला हातानेच थांबवलं. "ते सगळं ऐकलंय मी एकदा. चेंडू दाखवा."

चेंडू अजगर तिच्या तळहातावर गोळा होऊन बसला. तो तसाच घेऊन ती समोरच्या बाकड्यापाशी आली. वाकली नाही.

"पाक विर्यो, तो मोठा खातो का?"

"खातो."

"नाव ठेवलंत?"

"मी कसं ठेवणार?"

तिने हातातला गोळा त्यांच्यासमोर धरला. "हा बघितलात?"

म्बाहंनी चष्मा खाली घेतला नाही. "बघितला."

"काय आणतो हा?"

"काही नाही."

"पैसाअडका?"

"नाही."

"गेलेलं माणूस?"

"नाही, बाई. उंदीर खाईल आणि झोपून राहील. गितो म्हणतो, दीड मीटरच्या पुढे जात नाही. मला विचारशील, तर मला माहीत नाही."

"मग हाच द्या," ती गितोला म्हणाली.

पैसे देऊन झाल्यावर ती परत वळली. "आणि त्या मोठ्याचं नाव मी बेजो ठेवलंय." बेजो म्हणजे नशीबवान. "कातडीवाल्याच्या तावडीतून सुटला म्हणून. उगीच दुसरं काही समजू नका. रविवारी ससा घेऊन येते, तुम्ही आणू नका."

पहिल्या वेळी तिने डबा छातीशी धरून नेला होता. या वेळी तिने तो मिरच्यांच्या पिशवीत वरच्या वर ठेवला, पिशवी सायकलला अडकवली आणि गेली.